पाट्या टाकणाऱ्यांची भाषा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन शब्दांची हटकून गाठ पडते. एक दिवाळी आणि दुसरा दिवाळे. यंदाही ती पडली. फराळाचे सामान आणावयाचे म्हणून मी बाजारात गेलो आणि रद्दीच्या दुकानात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन जुने भाग दिसले, ते उचलून घरी आलो. पिशवीतून रव्याऐवजी कोश निघालेला पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “दिवाळीच्या आधीच दिवाळे काढलेत म्हणायचे! चांगले दिवे लावलेत!”

रागाच्या भरात माणूस भाषा किती नेटकी वापरतो ते पाहा. दिवाळी दिव्यांची, हे सर्वांना ठाऊक. पण दिवाळे हा शब्दही दिव्यावरूनच आला, असे सांगतात. पेढी बुडाली की सावकाराने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवावयाचा आणि लोकांनी काय ते समजावयाचे, अशी म्हणे पूर्वी चाल होती. आणि ‘दिवे लावणे’ या बोलण्यात तर उजेडाचा संबंधच नाही. असलाच तर ज्याने लावले त्याच्या तोंडावरच्या काळोखाचा आहे. एकच दिवा, घरात लावला तर सण, दुकानात लावला तर नामुष्की आणि नवऱ्याने लावला तर दोन्ही!

हे कोश मी काही निव्वळ हौसेने आणले नव्हते. त्यामागे एक जुने-नवे ओझे होते. ते वाचकांपुढे उतरवून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेख.

सहामाही परीक्षेच्या मराठीच्या पेपरात मी नेहमीप्रमाणे एक प्रश्न घातला होता : ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ लक्षात घेऊन वाक्यात उपयोग करा.’ त्यात एक वाक्प्रचार होता ‘पाट्या टाकणे’. मुलांनी ठरीव उत्तरे लिहिली. कुणाचा कारकून पाट्या टाकत होता, कुणाचा शिपाई. दोघातिघांनी मास्तरही घातला होता. त्यांना मी मोकळ्या मनाने पूर्ण गुण दिले. एका मुलीने मात्र लिहिले होते, ‘माझी आई दिवसभर पाट्या टाकते, म्हणून आमच्या घरी चूल पेटते.’ मी तांबड्या शाईने फुली मारली आणि बाजूला शेरा लिहिला : ‘अर्थ चुकला.’

पेपर परत दिले त्या दिवशी ती मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

“गुरुजी, आई खरंच पाट्या टाकते. धरणाच्या कालव्यावर जाते ती.”

“अगं, तसं नव्हे. पाट्या टाकणे म्हणजे मन न लावता, कसेतरी काम उरकणे.”

“कसंतरी नाही चालत, गुरुजी. मुकादम मोजतो. पाटी अर्धी असली तर धरत नाही.”

वर्ग हसला. मास्तराच्या अंगी जो एक बेसावधपणा असतो, त्याला अनुसरून मीही हसलो. ती मुलगी हसली नाही. पेपराची घडी घालून जागेवर जाऊन बसली.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण त्या लिहिताना व्याकरणाचा नव्हे, कानाचा आधार घेतला. तेव्हा मराठीच्या बाबतीत मी पंडित नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु पंडित नसलेल्या माणसालाही रात्री झोप न येण्याचा अधिकार असतो. त्या रात्री मला प्रश्न पडला : अर्थ कुणाचा चुकला? रूढी माझ्या बाजूची होती, हे खरे. पण मूळ? पाटी म्हणजे टोपली. टोपली भरून न्यावयाची आणि रिती करावयाची, हे पाट्या टाकणे. मूळ अर्थ तर त्या पोरीच्या घरी राहत होता आणि मी, त्या अर्थाचा पोटभाडेकरू, मालकालाच बाहेर हो म्हणून सांगत होतो!

आता कुणी म्हणेल, मूळ पाहूनच शब्द वापरावयाचा ठरवले तर बोलणेच बंद पडेल. हे मला मान्य आहे. शब्द हे लग्न झालेल्या मुलीसारखे असतात. माहेरचे नाव पुसले तरी त्या जिथे नांदतात तिथल्याच होतात. ‘सूतोवाच’ हाच शब्द घ्या. पुराणांत सूत कथा सांगावयास बसतो तेव्हा ‘सूत उवाच’ असे येते. त्यावरून आपण बोलण्याच्या आरंभाला सूतोवाच म्हणू लागलो. संस्कृतच्या नियमाने इथे असा संधी होत नाही. सूत आणि उवाच वेगळेच राहिले पाहिजेत. पण मराठीने त्यांचे लग्न लावून दिले आणि तो संसार सुखाने चालला आहे. ‘गच्छंती’ म्हणजे संस्कृतात ‘ते जातात’. आपण त्या क्रियापदाचे नाम केले, बहुवचनाचे एकवचन केले आणि एखाद्याची नोकरीवरून गच्छंती करून टाकली. ‘पोबारा’ ही तर सोंगट्यांच्या पटावरची भाषा. तीन फाशांवर दोन सहा मिळून बारा आणि एक पौ, म्हणजे एकचा ठिपका, असे दान पडले की खेळणाऱ्याची चांदी. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे आजही भाग्य उघडणे. मराठीत मात्र पोबारा करणारा माणूस पळून जातो. जिंकलेला डाव घेऊन पळाला की काय, कोण जाणे!

माझ्या धंद्यातला सर्वांत बोलका शब्द म्हणजे ‘शिक्षा’. ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. हिंदी मुलखात शिक्षा म्हणजे विद्या. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. शिक्षण आणि शिक्षा ही सख्खी भावंडे. एकाने शाळा काढली आणि दुसऱ्याने तिच्या कोपऱ्यात अंगठे धरावयास लावले. हा अर्थबदल कुणा पंतोजीने घडवला असेल त्याला आपल्या धंद्याची पुरी ओळख होती, एवढे खरे.

तेव्हा शब्दाने अर्थ बदलला म्हणून मी हातात छडी घेत नाही. पण सारेच बदल सारखे नसतात. काहींत भाषेचे काही जात नाही, काहींत माणसाचे जाते. उदाहरणार्थ, ‘अपरोक्ष’. ‘माझ्या अपरोक्ष त्याने माझी निंदा केली,’ असे चांगले शिकलेले लोकही म्हणतात. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांच्या पलीकडचे ते परोक्ष, आणि तसे नव्हे ते अपरोक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचे. वेदान्तात अपरोक्षानुभूती म्हणतात ती प्रत्यक्ष अनुभवाला. तेव्हा ‘माझ्या अपरोक्ष निंदा केली’ याचा सरळ अर्थ, मी समोर बसून ती ऐकली! इथे मी हट्ट धरतो. कारण उद्या एखाद्या शेतकऱ्याने जबाब लिहून दिला की ‘हा व्यवहार माझ्या अपरोक्ष झाला’, आणि वाचणाऱ्याने शब्दकोश उघडला, तर शेत जाईल आणि शब्द राहील. एकाच वाक्याचे दोन उलटे अर्थ निघत असतील तर तिथे रूढीला हात जोडून चालत नाही.

तसाच घोटाळा ‘हरताळ’ या शब्दाचा. मुले लिहितात, ‘व्यापाऱ्यांनी बाजाराला हरताळ फासला.’ इथे दोन वेगळे हरताळ एकमेकांत मिसळले. एक आहे पिवळे खनिज. हस्तलिखितात अक्षर चुकले की लेखनिक त्यावर या हरताळाचा लेप देत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. म्हणून एखाद्याच्या तत्त्वाला, वचनाला हरताळ फासावयाचा, म्हणजे ते पुसून टाकावयाचे. दुसरा हरताळ दुकाने बंद ठेवण्याचा. हट्ट म्हणजे बाजार, आणि त्याला लागलेला ताळा, म्हणजे कुलूप. पहिला फासतात, दुसरा पाळतात. हे एकदा सांगितले की मुलांच्या कायमचे लक्षात राहते. कारण चूक पुसण्याचे औषध पिवळे असते, ही गोष्ट त्यांना फार आवडते.

शब्दांची मुळे शोधण्याचा नाद मात्र जपून करावा. दर जानेवारीत मोबाइलवरून एक मजकूर फिरतो. त्यात सांगितलेले असते की १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा नाश झाला तो संक्रांतीच्या दिवशी, आणि तेव्हापासून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. ऐकावयास अगदी चपखल. पानिपतचा दिवस १४ जानेवारी, हेही खरे. पण संक्रांत तेव्हा १४ जानेवारीला येतच नव्हती! ती सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस अशा गतीने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालचा, मकरसंक्रांतीचा. आणि ती तारीख होती १२ जानेवारी. त्याच्याही शंभर वर्षे मागे जा. म्हणजे पानिपतच्या साली संक्रांत दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास येऊन गेलेली. आजची तारीख आपण कालच्या पंचांगात नेऊन बसवली, दुसरे काय? संक्रांत वाईट ठरली ती पंचांगातल्या वर्णनाने. ती देवी कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला पाहते आहे, यावरून काय महागणार आणि कुणावर अरिष्ट येणार, हे घरोघर वाचले जात असे. तिची नजर जिकडे, तिकडे संक्रांत. त्याला पानिपताची गरज नाही.

ही चूक निदान निरुपद्रवी आहे. पण ‘ध चा मा करणे’? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या पत्रातील ‘धरावे’ हा शब्द आनंदीबाईने खोडून ‘मारावे’ केला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. रामशास्त्र्यांनी या खुनात दोषी धरले ते रघुनाथरावांना, हेही आपण त्याच शाळेत ऐकतो. आनंदीबाईच्या त्या अक्षराची गोष्ट मात्र सांगोवांगीची. पुराव्याने ती शाबीत झालेली नाही. तरी वाक्प्रचार झाला तो तिच्या अक्षराचा. पुरुषाच्या गुन्ह्याला इतिहास मिळाला, बाईच्या संशयाला म्हण मिळाली. आणि इतिहास वाचावा लागतो. म्हण वाचावी लागत नाही, ती आईच्या दुधाबरोबर पोटात जाते. अडीचशे वर्षे आपण रोज एका बाईविरुद्ध साक्ष देत आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

हे सारे मी कोशाची पाने उलटीत होतो तेव्हा डोक्यात घोळत होते. शोधीत होतो ‘पाट्या टाकणे’. पण त्या शोधात दुसरेच काही हाती लागले आणि मी वही घेऊन बसलो. लांबत जाणाऱ्या, कंटाळवाण्या, निष्फळ गोष्टींना आपण काय काय म्हणतो त्याची यादी करीत गेलो. गुऱ्हाळ. चऱ्हाट. काथ्याकूट. दळण. लष्कराच्या भाकरी. आणि पाट्या टाकणे.

यादी पूर्ण झाली आणि मी थबकलो. ही तर सारी कामे आहेत! गुऱ्हाळात रात्रभर चुलाण जळते, उसाचा रस कढतो आणि पहाटे गूळ तयार होतो. चऱ्हाट वळले नाही तर विहिरीवरची मोट वर आली नसती. नारळाची सोडणे महिनोन्महिने पाण्यात कुजवून, मोगरीने कुटून त्यांचा काथ्या काढावयाचा आणि त्याचा सुंभ वळावयाचा, यावर कोकणच्या किनाऱ्याला कितीतरी बायकांनी पोरे वाढवली. त्यांनी काथ्या कुटला तेव्हा सुंभ झाला. आपण सभेत बसून काथ्याकूट करतो तेव्हा काय होते? आणि दळण! ‘तेच ते दळण’ म्हणून आपण नाक मुरडतो. पण पहाटेच्या काळोखात जात्यावर बसलेल्या बायकांनी पिठाबरोबर ओव्याही पाडल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखावर गेली. मराठीत दुसरे कुठले कंटाळवाणे काम एवढे काव्य देऊन गेले, ते मला कुणी दाखवावे.

मग या कामांना कंटाळ्याचा अर्थ दिला कुणी? मला वाटते, जो गूळ खात होता पण ऊस घालीत नव्हता त्याने. ज्याला पोळी हवी होती पण जात्याच्या घरघरीने ज्याची झोप मोडत होती त्याने. ओसरीवर बसलेल्या माणसाच्या कानांनी ही भाषा घडवली आणि परसदारी राबणाऱ्याचा घाम तिच्यात कंटाळा म्हणून नोंदला गेला. आम्ही मास्तर आणि लेखक त्या ओसरीचेच वारस. शाळेतही आम्ही हेच शिकवतो आणि नवल वाटते ते मुलांना अर्थ चुकल्याचे!

हे मी आमच्या शाळेतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना बोलून दाखवले. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, “मास्तर, तुम्ही कादंबरीकार, म्हणून तुम्हाला ओसरी आणि परसदार दिसते. माझे वडील स्वतः गुऱ्हाळावर राबत. रात्री दोन वाजता चुलाणात चिपाडे सारताना त्यांना कंटाळा येत नसे, असे तुम्हाला कुणी सांगितले? कंटाळा हा काय फक्त बसून खाणाऱ्यांचा मक्ता आहे? आणि पाट्यांचे म्हणाल, तर ज्याला पाटीमागे दाम मिळतो तोच कधी अर्धी पाटी टाकून मुकादमाला चकवीत असेल आणि संध्याकाळी सोबत्यांना हसून सांगत असेल, आज नुसत्या पाट्या टाकल्या. हा वाक्प्रचार त्यांचाही असेल!”

मी निरुत्तर झालो. राबणाऱ्याला कंटाळण्याचा आणि थट्टा करण्याचा हक्क मी किती सहज काढून घेतला होता! गरिबाला सदैव कष्टाळू आणि सदैव गंभीर ठेवावयाचे, हाही ओसरीवरच्याच माणसाचा एक शौक. म्हणून माझा निष्कर्ष मी निम्मा मागे घेतो. निम्मा मात्र ठेवतो. थट्टा कामकऱ्याची असली तरी ती उचलून परीक्षेच्या पेपरात घातली आम्ही. आणि तिचा एकच अर्थ खरा, असा निवाडाही आम्हीच दिला.

माझे मित्र म्हणतात, एवढ्यातेवढ्यावरून भाषा सोवळी करीत बसलात तर उद्या बोलावयास म्हणी उरणार नाहीत. मला भाषा सोवळी करावयाची नाही. तशाही म्हणी आपल्या पायांनीच चालल्या आहेत. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण मी वर्गात विचारली तर मुलांनी पाण्याचा नळ सांगितला. बैलगाडीच्या आसाला घालावयाचे तेल ज्या बांबूच्या नळ्यात ठेवीत, तो त्यांनी पाहिलेलाच नाही. पाटीही जवळजवळ गेलीच. आता कामावर बायका डोक्यावर घेतात ते घमेले. आणि तो शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘गामेला’पासून आला. पाटी गेली, घमेले आले, मुकादम तसाच राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले. मीही खाल्ला. पण भाषेची श्रीमंती तिच्या वयात असते तितकीच, ज्यांनी ती राबवली त्यांचे नाव तिच्यात शिल्लक राहण्यातही असते, असे मला तेव्हा सुचले नव्हते. त्यासाठी एका मुलीचा पेपर तपासावा लागला.

आता मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. शब्दाचा अर्थ रूढीने बदलला असेल तर तो मी मुकाट्याने मान्य करीन. त्या बदलाने वाक्य उलटे होत असेल तर अडवीन. कुणा माणसावर खोटा आळ येत असेल तर ती गोष्ट सांगताना ‘ही शाबीत झालेली नाही’ एवढे शब्द जोडीन. आणि कुणाच्या भाकरीचा शब्द आपण थट्टेला वापरत असू, तर वर्गात दोन्ही अर्थ सांगेन. आधी भाकरीचा, मग थट्टेचा. क्रम महत्त्वाचा आहे. घरात पाहुणा कितीही लाडका असला तरी पहिली पंगत घरधन्याची नसते, हे मला ठाऊक आहे. पण पाहुण्याने घरधन्याला ओळखावे तरी!

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीचा पेपर परत मागून घेतला. माझा शेरा तांबड्या शाईचा होता आणि जुन्या लेखनिकांजवळ असे तो हरताळ माझ्याजवळ नव्हता. मग मुलांच्या रंगपेटीतला पिवळा खडू घेतला, ‘अर्थ चुकला’ या शब्दांवर जाड फासला आणि पूर्ण गुण दिले. मुलीने पेपर हातात घेऊन तो पिवळा डाग बराच वेळ पाहिला.

“हे काय, गुरुजी?”

“हरताळ. चूक पुसायचा.”

“पण चूक तर तुमची होती ना?”

“होय,” मी म्हणालो, “म्हणूनच.”

ती या खेपेस हसली.

हे सारे मी घरी येऊन सांगितले. सौभाग्यवती चकल्या तळीत होत्या. त्यांनी झारा बाजूला ठेवला, कोशाचा वरचा भाग उचलून फडक्याने पुसला आणि कपाटात नीट ठेवून दिला. “हा एक दिवा बरा लावलात,” त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. रवा अजून आणावयाचा होता.